कुंडीतली स्ट्रॉबेरी आणि पाखरांचा वाटा

स्ट्रॉबेरी हे थंड हवेचं पीक. महाराष्ट्रात ते रुजलं महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईच्या पट्ट्यात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि देशातल्या स्ट्रॉबेरीचा मोठा हिस्सा आजही तिथूनच येतो. नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याच्या डोंगराळ भागातही ती होते. थंडीच्या तोंडावर नर्सरीत तयार रोपं मिळू लागल्यापासून समुद्रकाठच्या शहरांतही ती कुंडीत लावली जाते. विरारच्या गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवरही ती दिसते. फळ लाल होऊ लागलं की त्याला पहिली चोच बहुधा बुलबुलाची लागते. इथे स्ट्रॉबेरी लावावी का, लावली तर पाखरांपासून कशी राखावी आणि कुठवर राखावी, यावर दोन मतं आहेत: एक हौशी बागवानाचं, दुसरं साशंकाचं.

साशंक: पहिला आक्षेप जागेचा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, विरार समुद्राला लागून. स्ट्रॉबेरीला दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री १० ते १५ अंश तापमान मानवतं. विरारला भर जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि थंडीची म्हणावी अशी रात्र मोजकीच. या मुलखाची स्वतःची फळं काय कमी आहेत? वसईची केळी आणि राजेळीची सुकेळी, डहाणू-घोलवडचा चिकू, बहाडोलीचं जांभूळ, वाड्यांमधले जाम. इथल्या मातीत, इथल्या दमट हवेत ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या वाढली. पाखरांनी खाऊनही त्यांच्यावर माणसाला पुरून उरेल एवढं लागतं. ते सोडून डोंगरावरचं नाजूक रोप कुंडीत कोंबायचं आणि मग त्याच्याभोवती जाळ्या लावायच्या, याला बागकाम का म्हणावं?

हौशी: आक्षेप उष्णतेपुरता खरा आहे, पण त्याची नीट फोड करायला हवी. स्ट्रॉबेरीला फूल येणं दोन गोष्टींवर ठरतं: दिवसाची लांबी आणि तापमान. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा या आपल्याकडे चालणाऱ्या जातींना लहान दिवस लागतात, साधारण १४ तासांच्या आतले. विरारला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांचा नसतो. महाबळेश्वर आणि विरार यांच्या अक्षांशांत दीड अंशाचा फरक. सूर्याचं वेळापत्रक दोन्हीकडे जवळजवळ एकच. अडतं ते फक्त उष्णतेशी, आणि उष्णता वर्षभर सारखी नसते. महाबळेश्वरचा शेतकरीही हे पीक वर्षभर ठेवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतो आणि पावसाआधी काढून टाकतो. विरारला हंगाम आणखी आखूड. ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला रोप लावलं तर जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत फळं मिळतात. सप्टेंबरात घाईने आणलेलं रोप उकाड्यात फुलं धरत नाही, नुसते रनर, म्हणजे आडवे पसरणारे धुमारे, सोडत राहतं. ते दिसताच कापावे लागतात, नाहीतर रोपाची सगळी ताकद त्यातच जाते.

एका रोपाला ८ ते १० इंची कुंडी पुरते. निम्मं कोकोपीट, निम्म्यात माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. लावताना रोपाचा गाभा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो जाड खुंट, मातीच्या बरोबर पातळीला हवा. तो पुरला गेला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळं सुकतात. पहिल्या पंधरवड्यात मरणारी पुष्कळ रोपं याच चुकीने जातात. मातीवर भाताचा पेंढा पसरला की ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही. गॅलरी पूर्वेची असेल तर उत्तम; सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं. आणि डोंगर लागतोच असंही नाही. याच पालघर जिल्ह्यात जव्हारच्या पठारावर, महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या उंचीवर, शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी घेतलेली आहे.

साशंक: जव्हारच्या रात्री आणि विरारच्या रात्री सारख्या नाहीत, पठारावर थंडी लवकर उतरते, किनाऱ्यावर समुद्र तिला अडवतो. पण ते बाजूला ठेवलं तरी पाण्याचा प्रश्न राहतो. खारट पाणी सर्वांत कमी सोसणाऱ्या पिकांमध्ये स्ट्रॉबेरी मोडते. आणि वसई-विरारमध्ये बोअरचं पाणी किती ठिकाणी मचूळ आहे, हे सोसायटीच्या नळांवर साचणाऱ्या पांढऱ्या थराकडे पाहिलं तरी कळतं. एकेकाळी इथल्या वाड्यांना बावखलांचं, म्हणजे वाडीतल्या तळ्यांचं, गोडं पाणी होतं. टँकरने विहिरी उपसल्या गेल्या, बावखलं बुजत गेली, त्याविरुद्ध हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. ज्या तालुक्यात गोड्या पाण्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, तिथे गोडं पाणी मागणारं पीक हौसेखातर लावणं खटकतं.

हौशी: पाण्याबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. विरारमध्ये स्ट्रॉबेरी मेली की दोष हवेला दिला जातो, पण पुष्कळदा दोषी पाणी असतं. खूणही सोपी आहे: पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, मग करपतात, आणि कुंडीच्या काठाला मिठासारखी पांढरी रेघ धरते. अशा वेळी खत वाढवलं तर रोप आणखी लवकर जातं, कारण खत हेही शेवटी क्षारच. उपाय एकच. बोअरचं पाणी बंद करून सूर्या धरणाचं नळाचं पाणी द्यायचं आणि आठवड्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं घालायचं. आठ-दहा कुंड्यांना दिवसाला बादलीभरही पाणी लागत नाही. गाडी धुताना याहून जास्त जातं. गोड्या पाण्याची किंमत कुंडीतल्या रोपावर जितकी लवकर कळते तितकी दुसऱ्या कशाने कळत नाही, हेही खरं.

साशंक: मग पाखरांकडे वळू. विरारमध्ये स्ट्रॉबेरीवर येणारी पाखरं ठरलेली आहेत: लालबुड्या बुलबुल, शेंडीवाला नारद बुलबुल, साळुंकी, कधी पोपट, कधी कोकिळा. त्यांच्यासोबत खार. कबुतराचं नाव सगळे घेतात, पण ते मुख्यतः दाणे टिपणारं. ते कुंडी उकरतं आणि घाण करतं, फळाच्या मागे फारसं लागत नाही. पाखराला रंग माणसापेक्षा जास्त दिसतात. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पाखराच्या डोळ्यात चार. अतिनील प्रकाशही त्याला दिसतो. हिरव्या पानाआड लपलेलं लाल फळ माणसाच्या आधी त्याला सापडणारच. फळ लाल होतं तेच मुळी त्याला दिसावं म्हणून. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे दाणे दिसतात तीच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळं. लाल गर म्हणजे देठाचा फुगलेला भाग. तो गर पाखराने खावा आणि दाणे दूर नेऊन टाकावेत, अशी ती रचना आहे.

शिवाय हिशेब पाहा. महाबळेश्वरच्या एकरभर शेतात हजारो फळं एकाच वेळी लाल होतात. बुलबुलांच्या थव्याने खाल्ली तरी शेतकऱ्याला टोपली भरता येते. गॅलरीत आठ रोपांवर एका वेळी पिकतात पाच-सहा फळं. एक जोडी सकाळी येते आणि सगळं पीक संपतं. त्यातही पाखरू एक फळ पुरतं खात नाही. चार फळांना टोचे मारतं आणि उडून जातं. टोचलेल्या जागी दुपारपर्यंत मुंग्या लागतात, दुसऱ्या दिवशी बुरशी. बाग जितकी लहान, तितका पाखरांचा वाटा मोठा.

हौशी: हे गणित बरोबर आहे आणि घरच्या स्ट्रॉबेरीची खरी अडचण तीच आहे. म्हणूनच आधी चोर ओळखायला हवा, कारण सगळं पाखरांच्या माथी मारलं जातं. फळ देठावरच असून वरच्या बाजूला टोकदार खड्डा असेल तर ते पाखरू. देठाशी हिरवी टोपी उरली आणि फळ मुळापासून गायब असेल तर खार किंवा उंदीर. फळ रात्रीतून गेलं असेल तर उंदीरच. फळाच्या खालून गुळगुळीत भोक पडलं असेल आणि कुंडीवर वाळलेली चकचकीत रेघ असेल तर शंखाची किंवा बिनशंखाची गोगलगाय. तळमजल्यावर आणि बैठ्या घरांच्या अंगणात गोगलगायीचं नुकसान पाखरांएवढंच असू शकतं, आणि तिच्यावर जाळीचा उपाय चालत नाही. ती संध्याकाळी हाताने वेचावी लागते.

पाखरूच असेल तर पहिला विचार मनात येतो तो फळ आधी तोडण्याचा. केळीचा घड हिरवा कापून पिकवणाऱ्या वसईकराला आणि आंब्याची अढी लावणाऱ्या कोकणी माणसाला ही युक्ती अंगवळणी पडलेली असते. स्ट्रॉबेरीत ती फसते. आंबा, केळं, चिकू ही फळं तोडल्यावरही पिकतात आणि गोड होतात. स्ट्रॉबेरी अर्धी लाल असताना तोडली तर ठेवून रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. गोडी यायची ती झाडावरच, आणि बुलबुल तेव्हाच येतो. म्हणजे शेवटचे तीन-चार दिवसच राखणीचे.

बुजगावणं, जुन्या सीडी, चमकणारी फीत, प्लास्टिकचं घुबड हे सगळे उपाय पहिले काही दिवस काम करतात. पाखरू हुशार असतं. जे हलत नाही किंवा रोज त्याच जागी हलतं, त्याला ते भीत नाही. ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून गोफण फिरवणारा राखणदार उपयोगी पडायचा, कारण तो माणूस होता. कधी उठेल, कुठे वळेल याचा पाखरांना अंदाज नसे. त्या राखणीला गॅलरीत पर्याय नाही, कारण घरातली माणसं पहाटेच्या लोकलने गेलेली असतात आणि पाखरं सकाळी सातला येतात. म्हणून जाळी लागते.

साशंक: इथेच खरी शंका सुरू होते. जाळी म्हणून काय लावलं जातं ते पाहिलं पाहिजे. कबुतरांसाठी गॅलरीला लावलेली नायलॉनची जाळी इतक्या मोठ्या भोकांची असते की चिमणी त्यातून सहज आत येते आणि बुलबुलालाही अंग चोरून येता येतं. बाहेर जाताना मात्र घाबरून तो आपटत राहतो. बाजारात स्वस्त मिळणारी बारीक धाग्याची सैल जाळी थेट रोपावर पांघरली जाते. तिच्यात पाखराचा पाय अडकतो, ते फडफडतं, धागा आणखी आवळतो. सरडे अडकतात, साप अडकतात. घरचा माणूस संध्याकाळी परत येतो तोवर पाखरू मेलेलं असतं. संक्रांतीनंतर उरलेला मांजा कुंड्यांभोवती ताणण्याची पद्धत तर याहून वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ साली बंदी घातली ती पाखरांच्या आणि माणसांच्या जिवाला धोका होता म्हणून. काही घरांत कुंडीत डांबर गोळ्या ठेवतात. ते विष आहे आणि खायच्या फळाजवळ त्याला जागा नाही. बुलबुल आणि पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना मारणं, पकडणं हा गुन्हा आहे. वाटीभर फळांसाठी सापळा लावून कामाला निघून जाणं आणि त्याला राखण म्हणणं योग्य नाही.

हौशी: सैल जाळीबद्दल दुमत नाही, ती वापरूच नये. पण त्यावरून जाळीच वर्ज्य ठरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांवर हाच प्रश्न उभा राहिला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे ताणल्यावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं पडणारी जाळी घरगुती झाडांवर घालायला मनाई झाली. ओळखण्याची साधी खूण म्हणजे भोकात बोट जाता कामा नये. आपल्याकडे त्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. मच्छरदाणीचं पांढरं कापड त्या मापात चोख बसतं. ते पाखराला लांबून दिसतं आणि त्यात पाय अडकत नाही.

ते रोपावर टाकायचं नाही. बांबूच्या कामट्या किंवा जाड तार वाकवून कुंडीच्या दोन कडांना रोवायची, त्यावर कापड ताणायचं आणि खाली कपड्यांच्या चिमट्यांनी कुंडीला पक्कं धरायचं. पान आणि कापड यांत चार बोटं अंतर हवं, नाहीतर बुलबुल बाहेर बसून कापडातूनच चोच मारतो. खार असेल तर कापड पुरत नाही, ती कुरतडते. तिथे बारीक भोकांची लोखंडी जाळी लागते. आणि रोपं थोडी असतील तर याहूनही सोपा मार्ग आहे. लग्नात सुकामेवा द्यायला वापरतात तसली पातळ कापडाची पोटली पांढुरक्या फळावर चढवायची आणि नाडी देठाशी सैल बांधायची. बंद होतं फक्त फळ. बाकी गॅलरी पाखरांना मोकळी.

साशंक: पोटलीचा उपाय सर्वांत सभ्य, हे मानायला हवं. पण बारीक कापडाने दुसरी अडचण उभी राहते. ज्या भोकातून बोट जात नाही त्यातून मधमाशीही नीट जात नाही. स्ट्रॉबेरीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे थोडं फळ आपोआप धरतं. पण फुलाच्या मध्यावर शेकडो सूक्ष्म स्त्रीकेसर असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला पराग मिळाला तरच गर चहूकडून सारखा फुगतो. जिथे पराग पोचत नाही तिथला दाणा पोकळ राहतो आणि फळ त्या बाजूला आक्रसतं. गॅलरीतली वेडीवाकडी फळं पाहून खत कमी पडलं असं वाटतं; कमी पडलेली असते माशी.

या फळाचा इतिहासही हेच सांगतो. फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ साली चिलीहून टपोऱ्या फळांच्या जातीची रोपं घेऊन मायदेशी परतला. ती रोपं फोफावली, पण बरीच वर्षं धड फळली नाहीत, कारण सगळी मादी फुलांची होती. उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनिया जातीच्या शेजारी लावली तेव्हा कुठे त्यांना पराग मिळाला आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली. दुशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली ते कोडं उलगडून लिहिलं. ज्या फळाचं अस्तित्वच परागाच्या देवघेवीतून आलं, त्याला कापडात कोंडून वाढवणं म्हणजे त्याच्या मुळावर येणं.

हौशी: कापड केव्हा चढवायचं, यात याचं उत्तर आहे. फूल उमलल्यापासून फळ लाल होईपर्यंत साधारण चार आठवडे जातात. पाकळ्या गळेपर्यंत रोप उघडंच ठेवायचं. त्या काळात बुलबुलाला तिथे खायला काही नसतं. सातेरी आणि फुलोरी माश्या चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतही येतात, विशेषतः शेजारी तुळस किंवा सब्जा फुललेला असेल तर. फळ हिरव्याचं पांढुरकं झालं की पोटली. माशी येतच नसेल तर रंगाचा मऊ ब्रश सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलावर गोल फिरवायचा. अडचण उरते ती अशी की स्ट्रॉबेरीला फुलं आणि फळं एकाच वेळी असतात, त्यामुळे पूर्ण कुंडी झाकली की उरलेली फुलं माशीला बंद. म्हणूनच आठ-दहा कुंड्यांपर्यंत पोटली बरी. गच्चीवर पन्नास कुंड्या असतील तर कापड सकाळी दोन तास उघडावं लागतं आणि तेवढा वेळ तिथे कोणीतरी असावं लागतं.

साशंक: "तिथे कोणीतरी असावं लागतं" हे शब्द महत्त्वाचे. तंत्राचे सगळे प्रश्न फिरून तिथेच येतात. जाळी बारीक असो की जाड, तिच्याकडे रोज पाहणारं माणूस नसेल तर ती घातकच. पण त्याहून मोठा प्रश्न आहे. बुलबुल गॅलरीत का येतो? विरारच्या पश्चिमेला जिथे वाड्या आणि भातखाचरं होती तिथे इमारती उभ्या आहेत. उंबर गेले, जांभळी गेल्या, कुंपणाची तोंडली गेली. पाखरू मागे राहिलं आणि खाणं गेलं. अशा ठिकाणी लाल फळ टांगायचं आणि ते पाखराच्या चोचीसमोर झाकायचं, यात काहीतरी चुकतं आहे.

हौशी: गेलेले उंबर आठ कुंड्यांनी परत येत नाहीत आणि त्या कुंड्यांमुळे ते गेलेलेही नाहीत. पाखरांचं देणं द्यायचंच तर सोसायटीच्या आवारात तुतीचं झाड लावावं. तुती उन्हाळ्याच्या तोंडाला पिकते, बुलबुलाला फार आवडते आणि छाटणी सोसते. बुलबुल पिल्लांना अळ्या-किडे भरवतो. तो शेजारी असणं बागेला फायद्याचंच. पाण्याचं मातीचं पसरट भांडंही ठेवावं, कारण फेब्रुवारीनंतर पाखरं फळाला कितीदा तरी तहानेपोटी टोचतात.

साशंक: तुतीने पाखरं तिकडे जातात असं मानलं जातं, पण ती आणखी येतात आणि तुती संपली की गॅलरीकडे वळतात, असंही घडू शकतं. आमिष आणि मेजवानी यांतला फरक पाखराला कळत नाही. त्याहून मार्चच्या मध्याला सगळं आवरून टाकणं बरं. उष्णता वाढली की फळं बोरांएवढी होतात, आंबट होतात. तेव्हा रोपं उपटावीत आणि कापडही काढावं.

हौशी: कापड काढावं, रोपं राहू द्यावीत. पावसाने ती कुजायचीच आहेत. तोवर एप्रिल-मेमध्ये जी खुजी फळं लागतात ती माणसाला नकोशी आणि पाखराला हवीशी. बुलबुलांची घरटी त्याच दिवसांत मनीप्लांटमध्ये, जास्वंदीत असतात.

साशंक: म्हणजे पाखराला त्या गॅलरीची सवय लावायची आणि पुढच्या जानेवारीत त्याच फळावर पोटली चढवायची. जे कायम द्यायचं नाही ते दोन महिने देणं, हे न देण्यापेक्षा बरं कसं?

हौशी: घरट्यातल्या पिल्लांच्या दृष्टीने ते दोन महिनेच मोलाचे असतात. जानेवारीत जोडी पुन्हा आली तरी तिला तिथे भांड्यातलं पाणी मिळेल, तुळशीवरचे किडे मिळतील. मिळणार नाहीत ती पाच-सहा फळं. एवढ्यावर पाखरू अडत नाही. अडतो तो माणूस, कारण मोकळ्या गॅलरीत कुठलं फळ आपलं आणि कुठलं पाखराचं हे दर हंगामाला नव्याने ठरवायची त्याची तयारी नसते.